भार सोसणारे लोखंड

दिवाळीच्या फराळासाठी माळ्यावरून मोठ्या कढया खाली येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एखादा बिडाचा तवाही उतरतो. सासूबाई सुनेला बजावतात, "जपून गं, पडला तर दोन तुकडे व्हायचे." बजावणे रास्तच असते. तांब्याचे भांडे पडले तर पोचते आणि पोलादी पळी वाकते. बीड मात्र वाकत नाही, ते एकदम तडकते.

आणि गंमत अशी, की ज्या यंत्रात दर मिनिटाला शेकडो स्फोट घडवावयाचे, त्या डिझेल इंजिनाचे अंग याच तडकणाऱ्या बिडाचे करतात! कारखानदार त्याला ब्लॉक म्हणतात, विहिरीवरचा शेतकरी बॉडी म्हणतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी या बिडाशी जो शंभर वर्षांचा संसार केला, त्याची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम स्फोटाचा हिशेब पाहू. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ८ सेंटीमीटर, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. डिझेल पेटते तेव्हा आतला दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साठ-पासष्ट किलोच्या घरात जातो. गुणाकार केला तर दट्ट्यावर तीन टनांहून अधिक भार पडतो, उसाने भरलेल्या दोन बैलगाड्यांइतका. आणि तो एकदाच पडत नाही. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर हा धक्का मिनिटाला ७५० वेळा बसतो. सकाळी आठला इंजिन चालू करून दुपारी चारला बंद केले, तर साडेतीन लाखांहून अधिक धक्के होतात. दट्ट्याला खाली ढकलणारा जोर तितक्याच जोराने सिलिंडरचे डोके वर उचलू पाहतो. या ओढाताणीत मध्ये उभा असतो तो ब्लॉक. इंजिनाच्या पट्टीवर हॉर्सपॉवर लिहिलेली असते, पण ती सोसतो कोण, हे कोठेच लिहिलेले नसते.

खुद्द रुडॉल्फ डिझेललाही हा धडा प्रथमच शिकावा लागला. १८९३ च्या ऑगस्टात जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे त्याच्या पहिल्या यंत्रात इंधन पेटले, आणि दाब मोजणारे उपकरणच फुटून उडाले. यंत्र चालले नाही, पण कल्पना खरी ठरली. तो भार पेलणारे अंग घडवावयास आणखी चार वर्षे गेली. १८९७ चे त्याचे यशस्वी इंजिन सुमारे दहा फूट उंच होते आणि शक्ती होती वीस हॉर्सपॉवर. शक्ती कल्पनेतून येते, पण तिला घर बांधून द्यावे लागते ते लोखंडाचेच.

आपल्याकडे हे घर बांधण्याची तयारी इंजिनापासून झाली नाही, नांगरापासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास मुंबईला गेले होते. रंगांची पारख करण्यात डोळ्यांनी दगा दिला, म्हणून यंत्रांच्या आकृत्या काढावयास शिकले आणि व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर दोन वर्षे पडून राहिले. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. तो मुलूख तेव्हा औंध संस्थानातला. पुढे १९४९ साली जुना सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ही दोन भावंडांच्याच घरची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशचे लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवावयास दिल्या, असे सांगतात. युद्धाच्या तोफांचा रस होऊन त्याचे नांगर झाले! यापेक्षा सुंदर दिवाळी कोणती?

इकडे साताऱ्यात १९२२ साली धनजीशा कूपर या पारशी गृहस्थांनी शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. हे कूपर राजकारणातही होते. १९३७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, बाळासाहेब खेरांच्या आधी, ते मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. पण साताऱ्याच्या माणसाला त्यांचे नाव आठवते ते इंजिनामुळे. १९३० नंतरच्या चार-दोन वर्षांत त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले. हिंदुस्थानात घडलेल्या अगदी आरंभीच्या इंजिनांत त्याची गणना होते, आणि कित्येक जण तेच पहिले मानतात.

नांगर ओतणारा कारखाना इंजिनापर्यंत पोहोचला, यात नवल वाटू नये. दोन्हींचे मूळ ओतशाळेत आहे. मात्र नांगर हा भरीव तुकडा, तर ब्लॉक म्हणजे आत खोल्या असलेला वाडा. सिलिंडर, पाणी खेळण्याची पोकळी, तेलाच्या वाटा आणि फिरत्या दांड्याची बैठक, हे सारे एका ओतात उतरले पाहिजे. त्यासाठी आधी सुतार लाकडाचा नमुना करतो. मोल्डर तो वाळूत दाबून साचा घेतो. पोकळीच्या जागी वाळूचेच गाभे बसवितात. ते सुटू नयेत म्हणून जुन्या फौंड्र्यांतून जवसाचे तेल किंवा मळी घालून वाळू भट्टीत भाजून घेत. मग क्युपोला भट्टीतला नारिंगी रस साच्यात जातो. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडून पोटात फुगे राहतात. गाभा केसभर सरकला तर एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. जाड भिंत उशिरा निवते, पातळ लवकर निवते, आणि या ओढाओढीतून आतल्या आत ताण राहतो. म्हणून पूर्वी ओतलेले ब्लॉक महिनोन् महिने उघड्यावर ऊन-पाऊस खात ठेवीत आणि मगच कातावयास घेत. लोणचे मुरावे तसे लोखंडही मुरू देत असत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ब्लॉक बळकट करावयाचा म्हणजे नुसता जाड करावयाचा नव्हे. बीड दाबाला फार खंबीर असते, पण ताणाला नाजूक. दाबात ते ताणाच्या तिप्पट-चौपट भार घेते. शिवाय त्याच्या पोटातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांत थरथर विरून जाते. म्हणून कसबी आखणी करणारा माणूस ताण जेथे येतो तेथे पोलादी बोल्ट घालतो, मोक्याच्या जागी बरगड्या देतो आणि बिडाला शक्यतो दाबात ठेवतो. २००६ साली समुद्रात उतरलेल्या 'एम्मा मर्स्क' या मालवाहू जहाजाच्या इंजिनात १४ सिलिंडर होते, प्रत्येक ९६ सेंटीमीटर व्यासाचा, आणि शक्ती १,०८,००० हॉर्सपॉवरहून अधिक. एवढे थोरले अंग एका ओतात होत नाही. ते थर रचून बांधतात आणि वरपासून खालपर्यंत लांबलचक पोलादी दांडे आवळून सारे थर दाबून धरतात. पाच हॉर्सपॉवर असो की लाख, नियम एकच आहे.

आजच्या मालमोटारींच्या इंजिनात दाब चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोंवर जातो. त्यासाठी बिडात मॅग्नेशियमचा अगदी किंचित अंश घालून ग्राफाइटचे पापुद्रे आखूड, जाड आणि गोलसर करतात. असे बीड साध्याहून सुमारे पाऊणपट अधिक ताण सोसते. मात्र मॅग्नेशियमचे प्रमाण जरासे चुकले की सारा ओत फुकट. अमेरिकेत ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतींसाठी तर ब्लॉक ओतीतच नाहीत, धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढतात. पण असे इंजिन काही क्षणांच्या पराक्रमासाठी असते. विहिरीवरच्या इंजिनाला वीस वर्षे काढावयाची असतात.

ती वीस वर्षे माझ्या आजोबांच्या इंजिनाला मिळाली नाहीत. एका चैत्रात विहिरीचे पाणी तळाला गेले आणि इंजिन कोरडेच तापत राहिले. आजोबा धावले आणि घाबरून त्यांनी गार पाण्याची कळशी त्या तापल्या अंगावर ओतली. 'कट्' असा बारीक आवाज झाला. तो आवाज मी ऐकला आहे. तालुक्याच्या वेल्डरने चीर जोडून दिली, पण आठवड्यात जोडाशेजारीच दुसरी गेली. ऊस उभा वाळत होता. आजीने काही न बोलता पाटल्या काढून दिल्या आणि नवी बॉडी आली. आजोबा पुढे कित्येक दिवस म्हणत, "इंजिन कच्चं नव्हतं रे, मीच उतावळा." पाच हॉर्सपॉवरच्या लोखंडावर किती माणसांचे वर्ष तोललेले असते, हे मला त्या दिवशी कळले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्रविद्या शिकून आले होते, त्यांचा त्यात पुढाकार होता. १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीच्या सहकार्याने अधिक शक्तीच्या इंजिनांचा उद्योगही पुण्यात आला. कूपरांचा जुना कारखाना वालचंद समूहाकडे गेला, पण सातारा रोडला ओतकाम चालूच राहिले. साताऱ्यात कूपर घराण्याने ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीच्या साहाय्याने नव्या घडणीची इंजिनेही काढली. किर्लोस्करवाडीने पंपांत नाव काढले.

कारखान्यांची नावे इतिहासात राहिली, आणि ती राहावीतच. पण वाळूत गुडघे टेकून साचा दाबणाऱ्या, गाभ्यावर कान लावून तो नीट भाजला की नाही हे टिचकीच्या आवाजावरून ओळखणाऱ्या मोल्डरांची नावे कोठल्याच पट्टीवर नाहीत. त्यांतले कितीतरी आसपासच्या खेड्यांतले, पावसाळ्यात स्वतःच्या शेतात राबणारे. त्यांनी ओतलेल्या ब्लॉकवर कृष्णाकाठचे मळे पिढ्यान् पिढ्या भिजले.

यंदा पाडव्याला वहीपूजेबरोबर शेतकरी आपल्या यंत्रालाही हळदकुंकू लावील. आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटार आहे, आणि जुने इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेले आहे. तरीही ते पोते दूर करून दोन बोटे कुंकू त्याच्या बिडाच्या अंगालाही लावावे. आमच्या घरी आजीची ती प्रथा अजून चालू आहे.