गाडी ‘रिकॉल’ होते म्हणजे नेमकं काय? बुलेटच्या इग्निशन कॉइलची गोष्ट

मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट जोरात असताना, रॉयल एनफील्डने २,३६,९६६ मोटरसायकली रिकॉल केल्या. जानेवारी ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या क्लासिक आणि बुलेट, तसंच डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मधल्या मिटिओर. भारताबरोबर थायलंड, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांतल्या गाड्याही त्यात होत्या. कारण एक छोटासा पार्ट: इग्निशन कॉइल.

रिकॉल म्हटलं की कंपनी गाडी परत घेऊन पैसे देणार, असं काहींना वाटतं. तसं नसतं. गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची, ते पार्ट तपासतात, खराब असेल तर फुकट बदलून देतात.

आता ही कॉइल करते काय? बॅटरी देते १२ व्होल्ट. स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेली मिलिमीटरभरापेक्षाही कमी फट ओलांडून ठिणगी पाडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला करंट अचानक तोडला की बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज तयार होतं. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला २५ ठिणग्या लागतात. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन कच्चं असेल तर वीज भलत्याच वाटेने निसटते, ठिणगी चुकते आणि इंजिन मिसफायर करतं. सिग्नलला झालं तर आपण वैतागून पुन्हा सेल्फ मारतो. पण घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना पिकअप गेला तर? त्याशिवाय, क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकतं, असं कंपनीनेच सांगितलं होतं.

गंमत म्हणजे, यातल्या १० टक्क्यांहून कमी गाड्यांचीच कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचा अंदाज होता. मग सगळ्यांना का बोलावलं? कारण कॉइल नुसती बघून चांगली की वाईट ते कळत नाही. माल बाहेरच्या सप्लायरचा होता, त्यामुळे त्या काळातली प्रत्येक गाडी संशयित. आमच्याकडे लायब्ररीत बग सापडला की ती वापरणारं प्रत्येक अ‍ॅप तपासावं लागतं, तसंच. फरक इतकाच की तांब्याच्या तारेला अपडेट मोबाइलवरून पाठवता येत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. रिकॉल चेसिस नंबरवर लागतो, निरोप मात्र कंपनीकडे नोंदलेल्या फोन नंबरवर जातो. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतली असेल तर तो फोन पहिल्या मालकाला जाण्याची शक्यता जास्त. तो ‘गाडी विकली’ म्हणून फोन ठेवून देतो, आणि तुम्हाला पत्ताच नसतो. म्हणून आरसीवरचा पूर्ण चेसिस नंबर घ्या (फक्त नंबर प्लेटवर भागत नाही) आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा: या नंबरवर काही रिकॉल बाकी आहे का? जुनी गाडी बघायला गेलात तर टोकन देण्याआधीच विचारा.

रिकॉलच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली आणि ओटीपी किंवा ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर सरळ ब्लॉक करा.

कंपनी स्वतःहून रिकॉल करत नसेल तर? १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं, आणि कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी त्या मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. नुसतं रील टाकून ती नोंद होत नाही.