तळटीप : ‘नागरिक समिती’

१. गोवा पंचायत राज कायद्याने (1994) अधिकार दिले ते पंचायतीला आणि ग्रामसभेला; नागरिक समिती मात्र गावकरी आपल्या गरजेने उभी करतात. डिचोली तालुक्यातले मये हे याचे मोठे उदाहरण. गोवामुक्तीनंतर पोर्तुगालला गेलेल्या भाटकाराची (जमीनदाराची) इथली जमीन 1964 च्या कायद्यानुसार सरकारी कस्टोडियनकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारी माणसे वडिलोपार्जित घरात राहिली, पण कागदावर नाव मात्र दुसऱ्याचेच. या दुखण्यातून मयेत भूविमोचनासाठी नागरिक कृती समिती उभी राहिली. 2014 मध्ये विधानसभेने या जमिनीबाबत कायदा केला, तरी सनदांसाठीचा पाठपुरावा थांबला नाही.

अशा समितीला ना शिक्का असतो, ना निधी. तिचे बळ ग्रामसभेत दिसते. ठरावाचा कच्चा मसुदा आधीच घरोघरी वाचून झालेला असतो. सभेत तो मांडला की मागच्या बाकावरच्या बायकाही हात वर करतात. मत मागायला आलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न जमिनीचाच येतो. लेखकाने या समित्यांना ‘बाहेरचा दबाव’ म्हटले आहे; ते मला मान्य नाही. ही घरातलीच माणसे आहेत.

— संपादक, पणजी