टोपलीभर मातीची कुळकथा

जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं. आड येते एका अनाथ विधवेची झोपडी. तो वकिलांचे खिसे भरतो आणि कोर्टातून ताबा मिळवतो. नात जेवेना, म्हणून चूल घालायला म्हातारी त्याच झोपडीतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती हलतही नाही. एक टोपली पेलवेना, तर साऱ्या झोपडीचा भार कसा पेलणार, असं म्हातारी विचारते. मग पश्चात्ताप होऊन तो झोपडी परत करतो.

माधवराव सप्रे यांची ही हिंदी कथा, ‘एक टोकरी भर मिट्टी’, 1901 साली ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकात आली.

शेवट जुन्या बोधकथेचा आहे. नवे आहेत ते वकील आणि कोर्ट, आणि कथेचं खरं बळ तिथेच आहे. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्यात छत्तीसगडही इंग्रजांकडे गेलं. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्ताने सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. जिथे वहिवाट पुरत होती, तिथे आता कागद लागू लागला. त्यात शतक सरताना लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. दुसरा चालू असतानाच, जानेवारी 1900 मध्ये, छत्तीसगडातल्या पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ निघालं.

जमिनीवर कागदाचा अंमल येतो तेव्हा काय होतं, हे दूर लातव्हियातल्या साहित्यातही दिसतं. तिथली पहिली मोठी कादंबरी, काउद्झीते बंधूंची ‘मेर्निएकु लाइकी’ (1879), जमीनमोजणीच्या दिवसांवरच बेतलेली आहे. मोजणीची साखळी शेतात आली की माणसं कशी बदलतात, हे लिहायला गावातले शिक्षकच पुढे आले. सप्रेही तेव्हा पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवत होते.

मासिकाच्या संपादनात सप्रेंसोबत रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले, पण वाचकांची भाषा हिंदी म्हणून त्यांनी मासिक हिंदीत काढलं. या निवडीचं मोल फार मोठं आहे. पैशाअभावी मासिक 1902 अखेर बंद पडलं. सप्रे थांबले नाहीत: 1907 मध्ये नागपुरातून ‘हिंद केसरी’, पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक, मग ‘दासबोध’ आणि टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी अनुवाद. 1926 मध्ये रायपुरात त्यांचं निधन झालं.

कथा मात्र जुन्या अंकांत पडून राहिली. 1968 मध्ये देवीप्रसाद वर्मा यांनी ‘सारिका’ या हिंदी नियतकालिकातून ती पुन्हा पुढे आणली. तेव्हापासून हिंदीची पहिली कथा ही की किशोरीलाल गोस्वामींची ‘इंदुमती’ (1900), हा वाद अभ्यासकांत चालू आहे.