नाथ पैंचं विधेयक: घटना बदलायची कुणी?

आजचा भाग अमेरिकेच्या एका बातमीवरून सुरू होतो आणि वेंगुर्ल्याला येतो. तेव्हा सुरुवातीला थोडा धीर धरा.

२० जानेवारी २०२५. डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी एका आदेशावर सही केली. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणारी असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला यापुढे आपोआप नागरिकत्व मिळणार नाही. एच-वन-बी व्हिसावर गेलेली मुलं आता कुडाळ-सावंतवाडीच्याही घरांतली असतात, त्यामुळे ही बातमी आपल्याकडे नुसती परदेशातली बातमी राहिली नाही. तीनच दिवसांत सिएटलच्या एका न्यायाधीशांनी आदेशाला स्थगिती दिली. कारण काय, तर अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती.

ही दुरुस्ती १८६८ सालची. तिच्याआधी १८५७ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं होतं की काळ्या माणसाला अमेरिकेचं नागरिक होताच येत नाही. मग यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि त्यानंतर घटनेतच लिहून टाकलं गेलं की इथे जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आहे, तो इथला नागरिक. म्हणजे कोर्टाचा निकाल घटना बदलून पुसला. असं तिथे आणखीही झालंय. १८९५ मध्ये कोर्टाने प्राप्तिकर उडवला, तो १९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीने परत आला. १९७० मध्ये कोर्ट म्हणालं की राज्यांच्या निवडणुकांत मतदानाचं वय अठरा करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, तर पुढच्याच वर्षी सव्वीसावी दुरुस्ती झाली.

आता हा प्रश्न उलटा करून बघा. कोर्टानेच सांगितलं की घटनेचा हा भाग तुम्हाला बदलताच येणार नाही, तर? मग कुणाकडे जायचं?

हे भारतात घडलं, २७ फेब्रुवारी १९६७ ला. पंजाबात जालंधरला गोलकनाथ कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन होती. कमाल जमिनीच्या कायद्याने भावांना प्रत्येकी तीस एकर ठेवता येत होती, बाकीची जादा ठरली. ते कोर्टात गेले. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला: मूलभूत हक्क काढून घेणारी किंवा कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संपत्तीचा हक्क तेव्हा मूलभूत होता, म्हणजे त्यालाही हात लावायचा नाही. सरन्यायाधीश होते के. सुब्बा राव. आधीच्या दुरुस्त्या मात्र त्यांनी शाबूत ठेवल्या. निकाल लागू होणार तो आजपासून पुढे. ही युक्ती त्यांनी अमेरिकेच्या कोर्टाकडून उचलली होती. तिथे १९६५ च्या लिंकलेटर खटल्यात हेच केलं होतं, नवा नियम जुन्या प्रकरणांना लावायचा नाही.

निकाल लागला तेव्हा नुकत्याच निवडणुका झाल्या होत्या. राजापूर मतदारसंघातून तिसऱ्यांदा निवडून आले होते बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. लंडनला लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर झालेले, प्रजा समाजवादी पक्षाचे, आणि बोलायला उभे राहिले की सभागृह भरायचं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८१ चा. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला हे सगळे रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते.

७ एप्रिल १९६७, शुक्रवार. लोकसभेत शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ खासगी सदस्यांच्या विधेयकांचा असतो. त्या दिवशी नाथ पैंनी घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. त्याचा गाभा एवढाच, की कलम ३६८ खाली संसदेला घटनेतलं कुठलंही कलम बदलता येईल, मूलभूत हक्कांसकट. गोलकनाथ निकालाला दीड महिनाही झाला नव्हता. सरकारने बिल आणायच्या आधी विरोधी बाकावरच्या एका खासदाराने आणलं, ही गंमतच आहे. योगायोग असा की त्याच महिन्यात सुब्बा रावांनी पदाचा राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. हरले, पण ज्या कोर्टाने संसदेचा हात धरला त्याचा प्रमुख दोन महिन्यांत राजकारणात, हे अनेकांना खटकलं. मला विचाराल तर खटकायलाच हवं होतं.

आता आपल्या किनाऱ्यावरून हे कसं दिसतं ते बघू. इथल्या कुळाला घटनादुरुस्ती म्हणजे दिल्लीतली शब्दांची कसरत नव्हती. कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस; सारा भरायचा तो, आणि कुळाकडून पिकाचा वाटा घ्यायचा तो, वर वेठ. १९३३ पासून कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला तो याच विरोधात. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेवटी कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर.

असे जमीन-कायदे संपत्तीच्या हक्कावर आपटून कोर्टात पडायला लागले, तेव्हा १९५१ मध्ये पहिलीच घटनादुरुस्ती झाली आणि नववी अनुसूची आली. तिच्यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टात उडवता येणार नाही. पहिल्या यादीत तेरा कायदे होते. घटनेची प्रत मिळाली तर काढून बघा: दोन नंबरला मुंबईचा कूळकायदा आणि सहा नंबरला मुंबई खोती निर्मूलन कायदा. म्हणजे देवगडच्या एखाद्या कुळाच्या सात-बाऱ्यामागे घटनेची पहिली दुरुस्ती उभी आहे. गोलकनाथ निकालाने ही जुनी दुरुस्ती पडली नाही. पण उद्या तशी नवी करायची झाली तर दार बंद. नाथ पैंच्या विधेयकाचं वजन इथे कळतं.

विरोध काही थोडाथोडका नव्हता. स्वतंत्र पक्ष विरोधात होता, तो अपेक्षितच. पण हक्कांची काळजी करणारे दुसरेही लोक होते. त्यांचा प्रश्न साधा होता: आज जमिनीसाठी संसदेला हा अधिकार दिलात, उद्या तिने बोलण्याचं, फिरण्याचं स्वातंत्र्य काढलं तर? विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा लांबली. मग काँग्रेस फुटली, बँका आणि तनख्यांच्या खटल्यांत सरकार कोर्टात हरलं, आणि २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली. विधेयक तिथेच संपलं. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी दुरुस्ती केली. नाथ पैंना जे हवं होतं ते तिच्यात आलं, आणि एक जास्तीचं कलमही: घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींनी सही करायलाच हवी.

इथे अमेरिकेची तुलना कामाची आहे. तिथे घटनादुरुस्तीत अध्यक्षाचं कामच नाही, त्याची सहीसुद्धा लागत नाही. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, आणि मग पन्नासपैकी अडतीस राज्यांची मंजुरी. म्हणून १७८९ पासून सत्तावीसच दुरुस्त्या. आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६. आपल्याला बहुतेक दुरुस्त्यांना राज्यांना विचारावंच लागत नाही. संसदेत हजर असलेल्यांचे दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं बहुमत पुरतं. संघराज्याशी संबंधित कलमं असतील तरच निम्म्या राज्यांची मंजुरी. तिकडे कुलूपच इतकं जड की कोर्टाला किल्लीवर पहारा ठेवायची गरज कमी पडते. रूझवेल्टना १९३७ मध्ये आपले कायदे पाडणाऱ्या कोर्टाचा राग आला, तेव्हा त्यांनीही घटना बदलायच्या फंदात न पडता न्यायाधीशांची संख्या वाढवायचं बिल आणलं. ते त्यांच्याच पक्षाच्या सिनेटने पुरलं. आपल्याकडे एका पक्षाला दोन तृतीयांश मिळाले की किल्ली त्याच्या खिशात.

आणि मग तेच झालं. १९७५ ला आणीबाणी आली. नाथ पैंनंतर राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले. ते आत असताना, १९७६ मध्ये, बेचाळिसावी दुरुस्ती झाली. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली आणि कलम ३६८ मध्ये लिहिलं गेलं की घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. नाथ पैंचा मुद्दा शेवटपर्यंत ताणला की तो इथे पोचतो, आणि त्यांच्याच मतदारसंघाचा खासदार तेव्हा गजाआड. मला वाटतं नाथ पै कुळाच्या बाजूने बरोबर होते, पण संसद म्हणजे नेहमी आपल्यासारखीच माणसं, असं त्यांनी धरून चालायला नको होतं. विरोधकांची शंका पोकळ नव्हती.

सुटका झाली ती दोन बाजूंनी. जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री होते; त्या सरकारच्या काळात १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं, आणि संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर. ज्याच्यावरून सगळं भांडण पेटलं तोच हक्क साधा कायदेशीर हक्क झाला. दुसरी बाजू कोर्टाची. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला, सात विरुद्ध सहा, कोर्टाने गोलकनाथ मोडीत काढलं: मूलभूत हक्कही बदलता येतील, पण घटनेचा मूळ ढाचा नाही. या कल्पनेची पहिली चाहूल आपल्याच एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीत सापडते, सज्जनसिंग खटल्यातल्या जे. आर. मुधोळकरांच्या निकालपत्रात. केशवानंदमध्ये अल्पमतात राहून संसदेची बाजू घेणारे यशवंतराव चंद्रचूड १९८० मध्ये सरन्यायाधीश होते, आणि मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीतलं ते 'मर्यादा नाही' वालं कलम त्यांनीच रद्द केलं. मधल्या सात वर्षांत आणीबाणी होऊन गेली होती.

राहिली नववी अनुसूची. २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर त्या यादीत घातलेले कायदे आम्ही मूळ ढाच्यावर तपासून बघू शकतो. खोती निर्मूलनाचा कायदा यादीत आला १९५१ ला, म्हणजे त्या तारखेच्या बावीस वर्षं आधी. तो अजून तिथेच आहे, सहा नंबरला.