रंगाचा भारवाहक : फळाच्या पेशीतील एका प्रवासाचा शोध

१/७
जांभूळ खाल्ले की जीभ जांभळी होते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. ती पेशीत एका ठिकाणी तयार होतात आणि दुसऱ्या ठिकाणी साठवली जातात. हा इवलासा प्रवास विज्ञानाला कसा उमगला, त्याची ही कथा.

२/७
१६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रॉबर्ट बॉइल यांनी नोंदवले, की व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने तांबडा व अल्कलीने हिरवा होतो. १८३५ मध्ये लुडविग मार्क्वार्ट यांनी ‘फूल’ आणि ‘निळा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून या द्रव्याचे नामकरण केले. १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल रिचर्ड विल्श्टेटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी मिळाले. रंगाची घडण कळली. त्याची वाहतूक मात्र अज्ञातच राहिली.

३/७
हे द्रव्य पेशीद्रवात, आंतर्द्रव्यजालिकेलगत तयार होते. त्याचे कोठार म्हणजे रिक्तिका. तिच्यातील रस आम्लधर्मी असतो, म्हणून तेथे रंग टिकतो आणि खुलतो. प्रखर उन्हापासून ऊतींचे रक्षणही तो करतो. पण कोठाराच्या पटलापर्यंत त्याला नेतो कोण?

४/७
उत्तर मक्याच्या एका सदोष दाण्याने दिले. ‘ब्रॉन्झ-२’ हे जनुक बिघडले की दाणा गडद जांभळा न होता कांस्यवर्णी होतो. रंगद्रव्य बनते, पण रिक्तिकेबाहेरच अडकते. १९९५ मध्ये व्हर्जिनिया वॉल्बट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे जनुक ग्लुटाथायोन एस-ट्रान्स्फरेज हे विकर घडवते. याच कुळातील विकरे मक्याला तणनाशकाच्या विषापासून वाचवतात!

५/७
पुढे संशोधकांची दृष्टी फळांकडे वळली. द्राक्षाच्या पेशींत रिक्तिकेच्या पटलावरील द्वारपाल सापडले : २००९ मध्ये ‘मेट’ कुळातील दोन प्रथिने आणि २०१३ मध्ये ‘एबीसी’ कुळातील एक. या तिसऱ्याला रंगद्रव्य आत घेण्यासाठी ग्लुटाथायोनची सोबत लागते.

६/७
२०१८ मध्ये रानस्ट्रॉबेरीवरील अभ्यासातून दिसले, की असेच एक वाहक जनुक निकामी झाले तर फळाला लाली चढतच नाही.

७/७
म्हणून आज एखाद्या वाणाचे फळ फिके निघाले, तर पैदासकार रंग घडवणाऱ्या जनुकांपाशीच थांबत नाहीत. रंग वाहणाऱ्या जनुकाचीही चौकशी करतात. बॉइलच्या पाकापासून या प्रश्नापर्यंत यायला तीन शतकांहून अधिक काळ लागला, आणि वाट दाखवली ती रंग न चढलेल्या एका दाण्याने.