जाईबाई चौधरी: ओझी वाहणाऱ्या बाईने काढलेली शाळा

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यातल्या रोझा पार्क्स आमच्या मुलांना माहीत आहेत. यवतमाळहून काही तासांवरच्या नागपूरच्या जाईबाई चौधरींचं नाव काढलं की वर्ग गप्प होतो.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा, महार कुटुंबातला. लग्न लहानपणीच झालं. पोटासाठी त्या नागपूर-कामठीकडे डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईने त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून ठेवलं. बाई ‘अस्पृश्य’ आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार टाकला अन् नोकरी गेली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतःच मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. नोकरी गेल्यावर शाळा काढायला किती हिंमत लागते, हे आम्हा शिक्षकांना विचारा.

१९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. परिषद बायकांच्या हक्कांची, पण जेवताना जाईबाईंना वेगळं बसवलं! एका दस्तरख्वानावर बसणाऱ्या आपल्या घरांना या अपमानाचा अर्थ लगेच कळेल. दलित बायकांनी सभा घेऊन निषेध केला. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच त्यांची स्वतंत्र परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या बायकांची माहिती आहे. शाळेच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या.