गाडी ‘स्लो’ला बंद पडते? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

ब्रेक मारला, ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन धडधडते आणि बंद पडते. जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नी वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा इंजिनचा ‘स्लो’, म्हणजे आयडलिंग, कमी झालेला असतो. घाटात हे धोक्याचे आहे. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदाच ब्रेक हलका लागतो, मग पेडल कडक होते.

आधी काय बघावे?

- एअर फिल्टर धुळीने भरला आहे का
- स्पार्क प्लग काळा पडला आहे का
- इंजिनवरचा व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकला किंवा निघाला आहे का
- चोक पूर्ण आत गेला आहे का

यातला दोष तसाच ठेवून स्क्रू फिरवला, तर गाडी चार दिवसांनी पुन्हा बंद पडणारच.

कार्बोरेटरच्या गाडीत स्लो कसा लावावा?

१. गाडी १०-१५ मिनिटे चालवून इंजिन गरम करा. थंड इंजिनवर लावलेला स्लो नंतर चुकतो.
२. गाडी मोकळ्या जागेत सपाटीवर लावा. बंद शेडमध्ये धूर कोंडून जीव जाऊ शकतो.
३. गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. लाइट, एसी बंद ठेवा.
४. ॲक्सिलरेटरची वायर जिथे कार्बोरेटरला जोडलेली असते, तिथल्या लिव्हरला टेकलेला स्क्रू स्लोचा. तो आत फिरवला की रेस वाढते. एका वेळी पाव फेराच द्या आणि थोडे थांबून आवाज ऐका.
५. इंजिन न थरथरता एकसारखे चालले की थांबा. छोट्या पेट्रोल गाडीत हा वेग साधारण मिनिटाला ८०० ते ९०० फेरे असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो.
६. आता हेडलाइट लावून बघा. गाडी बंद पडायला नको.

स्लो गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. पेट्रोल जास्त जाते आणि गिअर टाकताना आवाज येतो. मिक्सचरचा स्क्रू वेगळा असतो, तो मेकॅनिककडूनच लावून घ्या. तो चुकला तर धूर वाढतो आणि गाडी पीयूसीत नापास होते. काम करताना उपरणे, ओढणी, सैल बाही फॅनपासून लांब ठेवा.

इंजेक्शनच्या गाडीत काय?

नंतरच्या पेट्रोल गाड्यांत हळूहळू इंजेक्शन आले. त्यात स्लो संगणक ठरवतो, म्हणून स्क्रू शोधत बसू नये. बहुतेकदा थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलेला असतो, तो साफ केला की गाडी ताळ्यावर येते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर आधी स्कॅनर लावून घ्यावा.

डिझेल गाडी बंद पडत असेल तर फिल्टरमधले पाणी आणि पाइपात शिरलेली हवा तपासावी. पंपाच्या स्क्रूला घरी हात लावू नये.